प्लग-सॉकेटचा आराखडा: कवच सगळ्यात शेवटी

नव्या प्लगचा किंवा सॉकेटचा आराखडा तपासायला समोर आला, की पहिल्या पानावर हमखास कवचाचं चित्र असतं. गोलाई झकास, पकड छान, रंगसुद्धा ठरलेला. आतली संपर्कपट्टी किती जाड, ती पिनला कुठे आणि किती जोरात धरणार, असं विचारलं की उत्तर येतं, "ते नंतर बसवू." नंतर ते बसत नाही. कवचाची मापं ठरून गेली की धातूच्या वाट्याला उरलेली जागा येते. मग स्प्रिंग आखूड होते, दोन टर्मिनलांमधलं (वायर जोडायच्या जागांमधलं) अंतर घटतं आणि वायर कशीबशी कोंबली जाते. पुढे तोच प्लग हीटरवर काळा पडला की दोष वापरणाऱ्याला दिला जातो.

म्हणून खालचे टप्पे आतून बाहेर जातात. क्रम बदलू नका, आणि एखादी तपासणी फसली तर मागच्या टप्प्यावर परत जा.

सावध: नमुना थ्री-डी प्रिंट केलेला असो वा साच्यातून काढलेला, आठव्या टप्प्यातल्या चाचण्या पार होईपर्यंत तो घरच्या विजेला लावायचा नाही. प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. उष्णतेच्या सुरुवातीच्या सगळ्या चाचण्या कमी व्होल्टवर, पण पूर्ण करंट सोडून करता येतात. कशा, ते चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: तयारी — मानक आणि गैरवापराची यादी

पिनांचा आकार, जाडी आणि त्यांच्यातलं अंतर तुम्ही ठरवायचं नसतं. ज्या देशात वस्तू जाणार, तिथल्या मानकाने ते ठरलेलं असतं: ब्रिटनमध्ये बीएस १३६३, भारतात आयएस १२९३, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एएस/एनझेडएस ३११२. सर्वसाधारण अटी आणि चाचण्यांसाठी आयईसी ६०८८४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक पाया धरलं जातं. खाली दिलेले आकडे मुख्यतः त्यातले आहेत. स्थानिक मानकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. मानकाची चालू आवृत्ती हातात आल्याशिवाय रेघ ओढू नका.

मग एक कागद घ्या आणि हा प्लग लोक कसा *चुकीचा* वापरतील ते लिहा. अर्धवट घालून ठेवतील. वायरला धरून ओढतील. मूल भोकात केसांची पिन घालेल. प्लग खाली पडेल, त्यावर पाय पडेल. हीटर रात्रभर चालेल. जड अडॅप्टर सॉकेटमध्ये लोंबकळत राहील. प्रत्येक ओळीपुढे ती चूक कोणता भाग झेलणार, ते नोंदवा. एखाद्या ओळीपुढे 'वापरणाऱ्याने काळजी घ्यावी' असं लिहावं लागलं, तर तिथे आराखड्यात भोक आहे असं समजा.

नेहमीची चूक: सगळ्या देशांचे प्लग बसतील असं 'युनिव्हर्सल' सॉकेट. ग्राहकाला आवडतं, म्हणून मागणी येते. पण गोल, चपट्या आणि चौकोनी पिनांना एकाच पट्टीने धरायचं म्हणजे एकीलाही नीट न धरणं. भोकं मोठी होतात, शटर (भोकांमागचं सरकतं झाकण) निरुपयोगी ठरतं. ज्या प्लगचं अर्थिंग पिनेत नसून कडेच्या पट्ट्यांत असतं, तो बसतो खरा, पण अर्थिंगविना. माझं मत विचाराल तर अशा मागणीला सरळ नकार द्यावा.

## टप्पा २: कोण आधी भेटणार, कोण शेवटी सुटणार

प्लग आत जाताना अर्थिंग आधी जुळलं पाहिजे, फेज आणि न्यूट्रल त्यानंतर. काढताना उलट: फेज-न्यूट्रल आधी सुटावेत, अर्थिंग शेवटी. त्यासाठी अर्थची पिन लांब ठेवतात, किंवा सॉकेटमधली अर्थची पट्टी तोंडाजवळ आणतात. बीएस १३६३ मध्ये अर्थ पिन बाकीच्या पिनांपेक्षा सुमारे ५ मिमी लांब आहे.

जाता जाता एक गैरसमज. तीन गोल पिनांच्या प्लगमध्ये अर्थ पिन जाड का, याचं उत्तर बरेच जण 'रोध कमी व्हावा म्हणून' असं देतात. एवढ्याशा लांबीत जाडीने रोधात पडणारा फरक नगण्य असतो. जाड पिन फेजच्या भोकात शिरूच शकत नाही, हा तिचा खरा उपयोग. आराखडा करताना हे लक्षात असलं म्हणजे वजन वाचवायला कोणी ती पिन बारीक करायला निघत नाही.

तपासणी: कागदावर आडवी पट्टी आखून प्रत्येक पिन किती मिमी आत गेल्यावर जुळते ते मांडा. सरासरी मापं घेऊ नका. अर्थ पिन सगळ्यात आखूड निघाली आणि फेज पिन सगळ्यात लांब निघाली, अशी वाईटात वाईट जोडी घ्या. तरीही अर्थ आधी जुळत असेल तरच पुढे.

## टप्पा ३: अर्धवट आत गेलेला प्लग

शॉक बसण्याची ही हुकमी जागा. पिनेचं टोक आत फेजला लागलेलं, आणि मागचा उघडा भाग अजून बाहेर, बोटाच्या टप्प्यात. उपाय तीन: सॉकेटचं तोंड खोलगट करणं, संपर्कपट्टी आत सरकवणं, किंवा फेज-न्यूट्रल पिनांच्या मुळाशी इन्सुलेशनची बाही चढवणं.

बाहीची लांबी अंदाजाने ठरवू नका, गणित सोपं आहे. समजा पिन १९ मिमी लांब आहे आणि टोक १० मिमी आत गेल्यावर संपर्क होतो. त्या क्षणी ९ मिमी पिन बाहेर असते. म्हणजे बाही मुळापासून निदान ९ मिमी हवी, वर मापांतल्या फरकासाठी थोडी जास्त. आता उलट बाजूने पाहा: प्लग पूर्ण बसल्यावर बाही संपर्कपट्टीच्या खाली तर जात नाही ना? गेली तर धातूऐवजी प्लास्टिक चिमटीत सापडेल.

सावध: बाही अर्थ पिनेवर चढवायची नाही. तिन्ही पिना सारख्या दिसाव्यात म्हणून कोणीतरी ती चढवतं, आणि सॉकेटची अर्थ पट्टी नेमकी त्या प्लास्टिकवर टेकते. उपकरण व्यवस्थित चालतं, दिवाही लागतो, अर्थिंग मात्र नसतं. नकली प्लग ओळखायची ही एक खूणच आहे.

तपासणी: मानकातलं चाचणी-बोट १२ मिमी व्यासाचं आणि ८० मिमी लांब, सांध्यांवर वाकणारं असतं. प्लग एकेक मिमीने आत सरकवत प्रत्येक स्थितीत ते चारी बाजूंनी टेकवून पाहा. वरून आणि खालून तपासून बाजू विसरल्या जातात, आणि आपण प्लग धरतो तो बाजूंनीच.

## टप्पा ४: संपर्कपट्टी

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. घरगुती प्लग-सॉकेटमध्ये आग बहुतेकदा शॉर्टने सुरू होत नाही. ढिल्या संपर्कात हळूहळू साठणाऱ्या उष्णतेने होते. करंटचा वर्ग गुणिले रोध, एवढंच सूत्र. १६ अँपिअर करंट आणि ५ मिलिओहम रोध असेल तर एका संपर्कावर १.२८ वॅट उष्णता होते. ती सहज निघून जाते. तोच रोध ५० मिलिओहम झाला की १२.८ वॅट. म्हणजे बंद डबीत छोटं सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं, आणि अशा डब्या दोन, फेजची एक, न्यूट्रलची एक.

रोध वाढतो कसा? पट्टी तापली की तिचा ताण सैल पडतो. ताण सैल पडला की पकड कमी होते, पकड कमी झाली की रोध वाढतो, आणि पट्टी आणखी तापते. सर्किट ब्रेकरला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. फ्यूजचंही तेच. म्हणून हे चक्र सुरूच होऊ नये अशी पट्टी करावी लागते.

धातू निवडताना ओढाताण होते. साधं ७०-३० पितळ (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) तांब्याच्या सुमारे २८ टक्के वीज वाहून नेतं, पण उष्णतेत लवकर मऊ पडतं. फॉस्फर ब्राँझ ताण टिकवून धरतं, पण त्याच्या नेहमीच्या मिश्रधातूची वाहकता साधारण १५ टक्केच. एक चांगली तडजोड म्हणजे कामं वाटून देणं: वीज वाहायला पितळ किंवा तांब्याचा मिश्रधातू, आणि दाबायला बाहेरून स्टीलची स्प्रिंग. एक भाग वाढतो, जुळणीचा वेळ वाढतो, पण स्प्रिंगमधून करंट जात नसल्याने ती दाब टिकवून धरते.

पट्टी पिनेला दोन्ही बाजूंनी धरणारी असावी. एका बाजूने पट्टी आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिकची भिंत अशी रचना स्वस्त पडते. पण प्लास्टिक तापून बसकं झालं की दाबही गेला. दाब धातूने धातूवरच द्यावा, मध्ये प्लास्टिक नको. पट्टीला आपल्या खोबणीत किंचित हलायची मोकळीक हवी. ती घट्ट बसवली तर प्लग जरासा तिरका गेला की एकच कड टेकते आणि पट्टी कायमची फाकते.

पिनेचं टोक गोलसर हवं, कडेला बर (कापताना उरलेली धातूची धार) नको. टोकदार पिन दर वेळी पट्टीवरचा निकेलचा मुलामा खरवडते.

मोजमाप कसं करायचं: मल्टिमीटर ओहमवर ठेवून संपर्काचा रोध मोजू नका, त्यात मीटरच्या तारांचाच रोध दिसतो. काही व्होल्टच्या डीसी पुरवठ्यातून पूर्ण १६ अँपिअर सोडा आणि वेगळ्या दोन तारांनी संपर्काच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजा. ८० मिलिव्होल्ट आले तर रोध ५ मिलिओहम. शॉकची भीती नाही, उष्णता मात्र खरीखुरी. टर्मिनलला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावा आणि आलेख सपाट होईपर्यंत थांबा.

थांबा म्हणतो, कारण या चुकीत मी स्वतः सापडलो आहे. एका नमुन्याला मी वीस मिनिटांच्या आकड्यावर पास केलं होतं. तापमान तेव्हा चढतच होतं. निदान एक तास द्या. टर्मिनलचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांहून जास्त वाढता कामा नये.

तपासणी: हाच आकडा कोऱ्या नमुन्यावर एकदा, आणि प्लग हजारो वेळा घालून-काढून झाल्यावर पुन्हा. दुसरा आकडा खरा. पहिला कोणाचाही चांगला येतो.

## टप्पा ५: शटर

भोकांमागचं झाकण उघडण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत लांब अर्थ पिन आधी शिरून शटर उघडते. दुसरीत फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकाच वेळी दाबल्या तरच ते सरकतं. पहिली भरवशाची, पण अर्थच्या भोकात पेन खुपसून दोन पिनांचा प्लग घालण्याची युक्ती लोकांना माहीत असते. दुसरीत ती युक्ती चालत नाही, पण प्लग जरा तिरका गेला की शटर अडतं आणि माणूस जोर लावतो. शक्य असेल तर दोन्ही एकत्र करा: अर्थ पिन कुलूप सोडेल आणि दोन पिना मिळून शटर सरकवतील.

शटरला ग्रीस लावू नका. त्यात धूळ बसते आणि काही महिन्यांत झाकण अर्धवट उघडं राहतं. घासणाऱ्या पृष्ठभागांना दोन वेगळी प्लास्टिकं वापरली की वंगणाची गरज सहसा पडत नाही.

तपासणी: १ मिमी जाडीची सरळ पोलादी तार, १ न्यूटन जोर, म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचा भार. ती एकट्या भोकात सरळ, तिरकी, कडेने, सगळ्या दिशांनी घालून पाहा. जिवंत, म्हणजे वीज असलेल्या, भागाला कुठेही टेकता कामा नये. ही तपासणीही घालण्या-काढण्याच्या चाचणीनंतर परत करायची.

## टप्पा ६: प्लगच्या आत — टर्मिनल, वायर, पकड

वायर ओढली गेली आणि पकड सुटली, तर सगळ्यात आधी फेज निसटावा आणि सगळ्यात शेवटी अर्थ. म्हणून आतली वाट अशी आखा की फेजची तार सगळ्यात आखूड लागेल आणि अर्थच्या तारेला थोडी सैल वळण असेल. प्लगमध्ये फ्यूज असेल तर तो फेजच्याच वाटेवर. फ्यूजच्या दोन क्लिपा हेही संपर्कच आहेत, त्यांना चौथ्या टप्प्याचे सगळे नियम लागू.

टर्मिनलचा स्क्रू थेट तारेवर टेकला तर बारीक धागे तुटतात. मध्ये पट्टी द्या. आणि जोडणीच्या सूचनेत स्पष्ट लिहा की टोकांना सोल्डर लावायचं नाही. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं. आज घट्ट वाटलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल असतो, आणि आपण पुन्हा चौथ्या टप्प्यातल्या चक्रात. फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) चालेल.

पकड वायरच्या बाहेरच्या सालीला हवी, आतल्या रंगीत तारांना नव्हे. आत गाठ मारून काम भागवणं मानकाला मान्य नाही. पकड बसवून वायरवर खूण करा, मानकात दिलेल्या जोराने १०० वेळा ओढा. खूण २ मिमीपेक्षा जास्त सरकली तर पकड नापास.

तपासणी: एका तारेच्या टोकाचं ६ मिमी इन्सुलेशन काढा, बाकीचे धागे टर्मिनलमध्ये बसवा आणि एक धागा मुद्दाम मोकळा सोडा. तो हव्या त्या दिशेला वाकवा. शेजारच्या टर्मिनलला किंवा बाहेरून हात लागेल अशा धातूला तो पोचत असेल, तर मधली भिंत उंच करा. घरी प्लग जोडणाऱ्याच्या हातून हा धागा कधी ना कधी सुटणारच.

## टप्पा ७: अंतरं, प्लास्टिक, आणि आता कवच

दोन प्रकारची अंतरं मोजायची. एक हवेतलं, सरळ रेषेत. दुसरं पृष्ठभागावरून, मुंगी चालेल तसं. हवेतलं अंतर पुरेसं असूनही पृष्ठभागावर धूळ आणि ओल साठून वीज वाट काढते, म्हणून दुसरं वेगळं मोजावं लागतं. ते वाढवायला खोबण किंवा उभी भिंत देतात. पण १ मिमीपेक्षा अरुंद खोबणीचा तळ धरला जात नाही, मुंगीने तिच्यावरून उडी मारली असंच मोजतात. चित्रात खोबण्या काढून अंतर 'वाढवलेले' आराखडे याच एका नियमावर पडतात.

प्लास्टिक निवडताना 'आग प्रतिबंधक' एवढ्या शब्दावर विसंबू नका. बेकेलाइट उष्णता छान सोसतं, पण पृष्ठभागावर वीज फिरली की कोळशाची रेघ उमटते आणि ती रेघच वाहक बनते. युरिया आणि मेलामाइन या बाबतीत कितीतरी सरस. पॉलिकार्बोनेट मजबूत, पण तेल किंवा सॉल्व्हंट लागलं की ताण असलेल्या जागी, म्हणजे बहुधा स्क्रूभोवती, चिरतं. नायलॉन ओलावा शोषून मापं बदलतं; शटरसाठी घेणार असाल तर ते गृहीत धरा. जिवंत भागांना जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकला तापलेली तार टेकवून पाहतात: भिंतीवरच्या सॉकेटमध्ये ८५० अंशांची, प्लगमध्ये ७५० अंशांची, बाकीच्या भागांना ६५० अंशांची. शिवाय १२५ अंशांत ५ मिमीची पोलादी गोळी २० न्यूटनने तासभर दाबतात; खळगा २ मिमीहून मोठा नको.

आता कवच. पकडायला जागा अशी द्या की हात आपोआप कडांवर जाईल, वायरवर नाही. पिनांपासून कडेपर्यंतचं अंतर राखा. बीएस १३६३ फेज-न्यूट्रल पिनांसाठी किमान ९.५ मिमी मागतं. झाकणाचा स्क्रू आणि टर्मिनलचा स्क्रू एकाच मापाचे करू नका, अदलाबदल होते. रंग काय तो द्या.

## टप्पा ८: चाचण्यांचा क्रम

प्रत्येक चाचणीला कोरा नमुना वापरणं ही इथली मोठी चूक. घरात तोच प्लग ओल खातो, तापतो, पडतो आणि झिजतो. म्हणून तेच तीन नमुने मालिकेने न्या:

१. ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेत ४८ तास.
२. लगेच ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशनचा रोध. किमान ५ मेगाओहम.
३. त्याच इन्सुलेशनवर २००० व्होल्ट, एक मिनिट. हे फक्त सोय असलेल्या प्रयोगशाळेत, प्रशिक्षित माणसाच्या हातून.
४. पूर्ण भारावर तापमानवाढ.
५. भारासह १०,००० हालचाली, म्हणजे ५,००० वेळा घालणं आणि ५,००० वेळा काढणं.
६. तापमानवाढ आणि शटर, पुन्हा.
७. प्लग फिरत्या पिंपात टाकून ५०० मिमी उंचीवरून वारंवार पाडणं, आणि मग चाचणी-बोट.

सहाव्या पायरीला नापास झालेल्या नमुन्याची पट्टी चिमट्याने दाबून 'दुरुस्त' करायचा मोह होतो. तसं करून पुढे गेलात तर अहवालातले पुढचे आकडे त्या चिमट्याचे असतील. सरळ चौथ्या टप्प्यावर परत या.

आणि पास झालेले नमुने टाकून देऊ नका. करवतीने मधोमध कापा. पट्टीवर घासल्याची खूण कुठे आहे, एकाच कडेला की पूर्ण रुंदीवर. प्लास्टिक पट्टीभोवती पिवळं पडलंय का. शटरच्या वाटेत पितळेचा चुरा साठलाय का. नापास व्हायला किती थोडंच बाकी होतं, हे त्या कापलेल्या तुकड्यात दिसतं. साच्याची ऑर्डर देण्याआधी ते तुकडे टेबलावर ठेवून एकदा बसा.